शेजाऱ्याशी कुंपणाच्या हद्दीचा वाद: महाराष्ट्रातल्या प्लॉटधारकाने पायरीपायरीने काय करावं

कुंपणाचा वाद पेटतो तेव्हा एक जण म्हणतो, ‘तुमचं कुंपण माझ्या जागेत आलंय.’ दुसरा म्हणतो, ‘ते पहिल्यापासून तिथंच आहे.’ गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. कुंपण म्हणजे कुणीतरी कधीतरी ठोकलेले खांब आणि ओढलेली तार. हद्द ही कागदावर आणि नकाशावर ठरलेली रेषा. खांब ठोकणाऱ्या मजुराने नकाशा पाहिला होता की समोरच्या आंब्याच्या झाडाचा अंदाज घेतला होता, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कुंपणावर भांडण्याआधी रेषा शोधायची. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हा लेख एनए (बिगरशेती) प्लॉट, बंगला, रो-हाउस किंवा गावठाणातलं घर आणि त्याभोवतीची परसबाग असलेल्यांसाठी आहे. शेताच्या बांधाचं प्रकरण थोडं वेगळं चालतं. शेतरस्ता किंवा पाण्याची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. एकमेकांची शेतजमीन वर्षानुवर्षं उलटसुलट ताब्यात असेल, तर २०२३ मध्ये ठरावीक मुदतीसाठी आलेल्या सलोखा योजनेत नाममात्र मुद्रांक आणि नोंदणी शुल्कावर अदलाबदलीची सोय झाली. बागेच्या कुंपणाला यातलं काही लागू पडत नाही.

पहिली पायरी: हात आवरा

वाद लक्षात आल्या आल्या तीन गोष्टी करायच्या नाहीत. खांब उपटायचा नाही, तार कापायची नाही, आणि ‘होऊ दे काय व्हायचं ते’ म्हणून रातोरात काँक्रीट ओतायचं नाही. तिसरी गोष्ट सर्वात महाग पडते, कारण तार हलवता येते, भिंत पाडावी लागते.

कायद्याची बाजूही समजून घ्या. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ६ असं सांगतं की, एखाद्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून ताब्यातून काढलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मागू शकतो, आणि त्यासाठी त्याला मालकी सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे जागा खरोखर तुमची असली तरी शेजाऱ्याचं कुंपण स्वतःच्या हाताने हटवून तुम्ही आयता दावा त्याच्या पदरात टाकता. हे उलट बाजूनेही लागू आहे. तुमच्या ताब्यातली पट्टी कुणी जबरदस्तीने घेतली तर तुमच्याकडेही तेच सहा महिने असतात. ते चर्चेत घालवू नका.

करायचं ते एवढंच: आज कुंपण जसं आहे तसे चारही बाजूंनी फोटो काढा. फोटोत एखादी न हलणारी वस्तू येऊ द्या, जसं की घराचा कोपरा, विजेचा खांब, विहिरीचा कठडा. जुने फोटो शोधा. घरभरणीच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोत मागे कुंपण दिसत असतं. गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रंही कुंपण किंवा शेड कोणत्या साली आली याचा अंदाज देतात. त्या चित्रांवर रेघ ओढून फूट-इंच मात्र मोजू नका, चित्र जमिनीवर तंतोतंत बसलेलं नसतं.

दुसरी पायरी: वाद खरंच हद्दीचा आहे का

पुष्कळदा नसतो. पन्हाळीचं पाणी इकडे पडतं, कुत्रं येतं, आंब्याचा पाला पडतो, गाडी अशी लावतात की दार उघडत नाही, आणि हे सगळं एक दिवस ‘तुमचं कुंपणच आत आहे’ या वाक्यातून बाहेर पडतं. मोजणीला पैसे भरण्याआधी स्वतःला विचारा: रेषा आहे तिथेच निघाली तर माझी तक्रार संपेल का? नसेल संपणार, तर आधी पन्हाळीचं बोला.

झाडाचं इथेच सांगून टाकतो. शेजारच्या झाडाच्या फांद्या तुमच्याकडे झुकल्या असतील तर तुमच्या हद्दीपुरत्या छाटता येतात, पण सांगून छाटा, आणि शहरात असाल तर छाटणीला परवानगी लागते का ते आधी पालिकेत विचारा. झाड तोडायचं असेल तर ते कुणाच्याही जागेत असो, नगरपालिका आणि महापालिका हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. खोड नेमकं रेषेवर असेल तर ते दोघांचं समजा आणि कुंपण त्याला वळसा घालून न्या.

तिसरी पायरी: कागद जमवा, आणि कोणता कागद काय सांगतो ते ओळखा

नवख्यांची सर्वात मोठी गफलत इथे होते. सातबारा हातात धरून ‘हा बघा पुरावा’ म्हणणारे बरेच भेटतात. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, मालकाचं नाव असतं, बोजा असतो. हद्द नसते. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो काढून ठेवा, पण तुमचा कोपरा कुठे आहे हे तो सांगणार नाही. शहरात सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते, तिचंही तेच.

हद्द सांगणारे कागद वेगळे. नगर भूमापन झालेल्या भागात तो नगर भूमापनाचा नकाशा आणि त्यामागची चौकशी नोंदवही. एनए लेआउटमध्ये नगररचना विभागाने मंजूर केलेलं रेखांकन, ज्यात प्रत्येक प्लॉटच्या चारही बाजू लिहिलेल्या असतात. मूळ सर्व्हे नंबर किंवा गटासाठी गट नकाशा, टिपण (मूळ मोजणीचं मापांसह रेखाचित्र) आणि फाळणी नकाशा (पोटहिस्से दाखवणारा). गावठाणात घर असेल तर जुनी सनद (जागेच्या हक्काचा सरकारी दाखला), किंवा २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजून तयार झालेला नकाशा. या सगळ्याच्या नकला तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात किंवा शहराच्या नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मिळतात. मंजूर रेखांकन मात्र ज्या यंत्रणेने मंजुरी दिली तिच्याकडे मागा.

खरेदीखत नीट वाचा. त्यात चतुःसीमा असते: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर अमुक. कधी कधी क्षेत्राचा आकडा एक सांगतो आणि चतुःसीमा दुसरं. अशा वेळी न्यायालयं सर्वसाधारणपणे स्पष्ट लिहिलेल्या सीमांना क्षेत्राच्या आकड्यापेक्षा जास्त वजन देतात. म्हणजे ‘माझे दोन गुंठे भरत नाहीत’ एवढ्यावर शेजाऱ्याची जागा तुमची होत नाही. तूट विकणाऱ्यानेच ठेवलेली असू शकते.

दोन धोके आधीच तपासा. लेआउट मंजूर झाला पण त्याचं कमी-जास्त पत्रक (क्षेत्र आणि नकाशातले बदल दप्तरात नोंदवणारं पत्रक) झालंच नसेल, तर तुमचा प्लॉट भूमी अभिलेखाच्या दप्तरात स्वतंत्रपणे नसतो, तिथे अजून अख्खा गटच दिसतो. अशा प्लॉटची हद्द मोजून मागितली तर कार्यालय आधी ते पत्रक पूर्ण करा म्हणेल. दुसरा धोका गुंठेवारीचा. मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठे विकत घेतलेल्या जागेत दोन शेजाऱ्यांमधली रेषा सरकारी नकाशावर कधी ओढलेलीच नसते. तिथे मोजणीचा आधार तोकडा पडतो, आणि समजुतीने रेषा ठरवून लेखी करणं हाच व्यवहारी मार्ग उरतो.

चौथी पायरी: स्वतः टेप लावा, पण फक्त तुमच्याच प्लॉटला नको

स्वतः केलेल्या मोजणीला कायदेशीर किंमत नाही. तरी ती करायचीच, कारण फरक तीन इंचांचा आहे की तीन फुटांचा, हे कळल्याशिवाय पुढचा कुठलाच निर्णय घेता येत नाही.

लोखंडी किंवा फायबरची लांब टेप घ्या, दोन माणसं हवीत. टेप ताणून आणि आडवी धरा, उतारावरून जमिनीलगत मोजलं तर आकडा उगाच वाढतो. चार बाजू मोजल्यावर दोन्ही कर्णही मोजा. आयताकृती प्लॉटचे कर्ण सारखे भरले नाहीत तर कुठला तरी कोपरा सरकलेला आहे, बाजू बरोबर भरल्या तरीही. हिशेबासाठी लक्षात ठेवा: एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. मिळकत पत्रिका मीटरमध्ये आणि खरेदीखत फुटांत असेल तर अर्धा वाद या रूपांतरातच असतो.

आता माझ्या मते सर्वात उपयोगी आणि क्वचितच केली जाणारी गोष्ट. तुमच्या प्लॉटपुरतं थांबू नका, अख्खी रांग मोजा. समजा रांगेत ८ प्लॉट आहेत, प्रत्येकी ४० फूट रुंद. मंजूर नकाशाप्रमाणे एका टोकाच्या रस्त्यापासून दुसऱ्या टोकाच्या रस्त्यापर्यंत ३२० फूट भरायला हवेत. प्रत्यक्ष ३१९ भरले, तर तो एक फूट कुणी चोरलेला नाही. लेआउट पाडतानाच तो कमी होता, किंवा रस्ता जरा रुंद झाला. पण पहिल्या सात जणांनी आपापले ४० फूट मोजून कुंपण घातलं की सगळी तूट शेवटच्या आठव्यावर येते, आणि तो सातव्याशी भांडतो. सातव्याची काहीच चूक नसते.

याचाच दुसरा प्रकार: ३२० पुरेपूर भरतात, पण दुसऱ्या प्लॉटवाल्याने सुरुवातीला आठ इंच जास्त घेतले आणि त्यापुढचा प्रत्येक जण शेजारचं कुंपण धरून पुढे मोजत गेला. आता तुमच्या दोघांमधलं कुंपण आठ इंच सरकलेलं आहे आणि कारण चार घरं पलीकडे आहे. रांग मोजली नाही तर हे कधीच कळत नाही. मोजली की भांडणाचा सूर एकदम उतरतो, कारण समोरचा माणूस आरोपी राहत नाही. तोही तुमच्यासारखाच अडकलेला असतो.

फरक निघाला तर त्याचं क्षेत्र काढा. ६० फूट लांबीच्या बाजूला कुंपण सगळीकडे सारखं एक फूट आत असेल तर ६० चौरस फूट. एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला एक फूट असेल तर तो त्रिकोण, म्हणजे ३०. तुमच्या भागातला दर लावून रक्कम कागदावर लिहा. त्याच्याशेजारी वकिलाची फी आणि दाव्यात जाणारी वर्षं लिहा. तत्त्वासाठी लढायचं असेल तर खुशाल लढा, पण आकडा पाहून लढा.

पाचवी पायरी: बोला, आणि योग्य माणसाशी बोला

आधी समोर मालक कोण आहे ते पाहा. भाडेकरूशी झालेला समझोता चालत नाही. वडील गेल्यावर मिळकत पत्रिकेवर तीन भावंडांची नावं लागली असतील तर तिथे राहणाऱ्या एकट्या भावाचा शब्द पुरेसा नाही, सही तिघांची लागेल. हे बोलणी सुरू होण्याआधी कळलेलं बरं.

बोलणं कुंपणाशेजारी उभं राहून, गल्ली ऐकत असताना सुरू करू नका. तिथे माघार घेणं कुणालाच जमत नाही. घरी जा किंवा निरोप पाठवा, आणि त्यात आरोप नको, आकडा हवा. साधारण असा:

‘काका, नमस्कार. मागच्या बाजूचं कुंपण दुरुस्त करायचं म्हणतोय. माझ्या खरेदीखतात रुंदी ४० फूट आहे, टेपने ३९ फूट ३ इंच भरतेय. फरक माझ्या मोजण्यातला असेल, किंवा पलीकडच्या बाजूचा असेल. रविवारी सकाळी दोघं मिळून एकदा टेप लावू या का? तुमच्याकडचा नकाशाही बघता येईल.’

या निरोपात दुरुस्तीचं निमित्त आहे, स्वतःची चूक असू शकते याला जागा आहे, आणि एक ठरलेलं काम आहे. उत्तर आलं नाही तर आठवडाभराने एकदा आठवण द्या. शिवाय निरोप व्हॉट्सअपवर असल्याने तारीख आपोआप नोंदली जाते.

दोघांच्या टेपने भागलं नाही तर पुढचा प्रस्ताव असा ठेवा: सरकारी मोजणी मागवू या, फी निम्मी-निम्मी, आणि जी रेषा निघेल ती दोघांनी मानायची. हे मोजणीच्या आधी लेखी घ्या. निकाल हातात आल्यावर ‘मानू या का’ असं विचारण्यात काही अर्थ नाही, तोवर एकाला तो नकोसा झालेला असतो. एकट्याने मागवलेली मोजणी दुसऱ्याला हल्ला वाटते. तीच मोजणी दोघांनी मागवली तर निम्मा वाद भूकरमापक (सरकारी मोजणी करणारा कर्मचारी) यायच्या आधी संपतो.

सहावी पायरी: सरकारी मोजणी

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातो, नगर भूमापन कार्यालय वेगळं असेल तर तिथे. अर्ज आता ई-मोजणी प्रणालीतून होतो. प्रकार लिहायचा ‘हद्द कायम’. सोबत ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जागेचा कच्चा नकाशा, चारही बाजूंच्या लगतदारांची नावं आणि पत्ते, आणि सहधारक असतील तर त्यांची संमती. लगतदारांचे पत्ते बरोबर द्या. चुकीच्या पत्त्यामुळे नोटीस पोहोचली नाही की तोच मुद्दा पुढे मोजणी उडवायला वापरला जातो.

मोजणीचे दोन प्रकार आहेत, नियमित आणि द्रुतगती. द्रुतगतीची फी नियमितच्या चौपट असते. वाद अंगावर आलेला नसेल तर नियमित पुरते. पैसे भरल्यावर मोजणी रजिस्टर नंबर मिळतो. तो जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक कागदावर तो ‘मो.र.नं.’ म्हणून येणार आहे.

मोजणीच्या दिवसाआधी कुंपणालगतचं गवत आणि झुडपं साफ करून घ्या. हद्दीवर पुरायला दगड, आखायला चुना, रंग आणि हाताखाली एखादा माणूस तयार ठेवा. जुना हद्दीचा दगड मातीखाली असण्याची शक्यता असेल तर कोपऱ्यावर थोडं उकरून बघा, मात्र सापडला तर हलवू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हद्दीच्या खुणा नीट राखणं ही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे, आणि त्या नासवल्या तर दंड आहे.

भूकरमापक आल्यावर त्याच्या मागे मागे फिरून सूचना देऊ नका. त्याला एकच गोष्ट विचारा: कुठल्या पक्क्या खुणा धरून मोजताय? जुना दगड, रस्त्याचा कोपरा, विहीर, जुनी पक्की इमारत अशा न हललेल्या जागा नकाशावर आणि जमिनीवर जुळवूनच तुमची रेषा काढली जाते. शेजारचं वादातलं कुंपणच कुणी खूण म्हणून धरत असेल तर तिथेच हरकत सांगा. शेजारी हजर असेल तर त्यालाही हेच ऐकू द्या. नोटीस मिळूनही तो आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत मोजणी होऊ शकते.

जबाब आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. रेषा पटली नसेल तर ‘मोजणी मान्य नाही’ एवढं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करा. सही नाकारून तणतणत निघून जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी कळली तर पुष्कळ ताप वाचतो. हल्ली मोजणी उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हर यंत्राने होते आणि ते सेंटीमीटरपर्यंत जागा दाखवतं. पण ज्या नकाशाशी जुळवायचं तो बऱ्याचदा जुना, हाताने काढलेला असतो. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ सेंटीमीटर होते. म्हणजे जवळजवळ दहा इंच रेघेच्या जाडीतच गेले. नकाशावर बाजूंची मापं आकड्यांत लिहिलेली असतील तर प्रश्न सुटतो. ती नसतील आणि तुमचा वाद चार इंचांचा असेल, तर कितीही मोजण्या केल्या तरी तो यंत्राने सुटणारा वाद नाही. तिथे दोघांनी बसून रेषा ठरवायची असते.

सातवी पायरी: ‘क’ प्रत हातात आल्यावर

मोजणीचा नकाशा, ज्याला सगळे ‘क’ प्रत म्हणतात, त्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट (ताबा) वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. दोन्हींमधली पट्टी म्हणजे तुमचा वाद, आता मापासह.

भूमी अभिलेख खातं रेषा दाखवतं, अतिक्रमण काढून देत नाही. ‘मोजणी माझ्या बाजूने लागली’ म्हणून दुसऱ्या दिवशी जेसीबी आणणारे पहिल्या पायरीवरच्या कलम ६ मध्ये सापडतात.

निकाल पटला नाही तर फेरतपासणी मागता येते. वरचा अधिकारी करतो ती निमताना मोजणी, आणि तीही पटली नाही तर जिल्हा अधीक्षकांच्या पातळीवरची सुपर निमताना. भूकरमापकाने कोणती खूण चुकीची धरली हे बोट ठेवून सांगता येत असेल तरच निमतान्याला जा. नुसतं ‘पटत नाही’ असेल तर वेळ आणि फी दोन्ही जातात.

पट्टी निघालीच, तर पुढे चार वाटा आहेत. कुंपण हद्दीवर सरकवणं ही सरळ वाट. खर्च निम्मा-निम्मा करण्याची तयारी दाखवा, जरी चूक त्यांच्या बाजूची असली तरी. खांब आणि तार यांच्या खर्चापेक्षा पुढची वीस वर्षं बोलणं चालू राहणं मोलाचं आहे. दुसरी वाट म्हणजे पट्टी विकत देणं किंवा तेवढीच दुसरी पट्टी बदल्यात घेणं. यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे स्थावर मालमत्तेचं असं हस्तांतरण नोंदणीशिवाय होत नाही, साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून भागत नाही. प्लॉटवर गृहकर्ज असेल तर बँकेची संमतीही घ्यावी लागेल. तिसरी वाट सोडून देण्याची. तीन इंचांच्या पट्टीसाठी ती मुळीच कमीपणाची नाही.

चौथ्या वाटेवर जरा थांबावं लागेल, कारण ती सर्वात सोयीची आणि सर्वात धोक्याची आहे: ‘राहू दे कुंपण आहे तिथे, आपलं काही म्हणणं नाही.’ १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे जागेचा ताबा मालकीच्या आधारावर परत मागायला, समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून बारा वर्षांची मुदत आहे. तो ताबा उघड, सलग आणि तुमची मालकी नाकारणारा असेल तर बारा वर्षांनंतर तुमचा हक्कच संपू शकतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं की अशा प्रतिकूल ताब्याच्या आधारे ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो. पण परवानगीने असलेला ताबा प्रतिकूल होत नाही. म्हणून मोठ्या मनाने राहू द्यायचं असेल तर अवश्य राहू द्या, फक्त परवानगी लेखी द्या:

‘सोबतच्या नकाशात दाखवलेली पट्टी ही मिळकत क्रमांक … चा भाग आहे. या पट्टीवरचं कुंपण सध्या जागामालकाच्या परवानगीने आहे. या वापरामुळे पट्टीवर मालकी हक्क निर्माण होणार नाही. जागामालकाने लेखी कळवल्यापासून … महिन्यांत कुंपण हद्दीवर नेलं जाईल.’

खाली दोन्हीकडच्या सगळ्या मालकांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख.

आठवी पायरी: ठरलं ते लिहा

रेषा दोघांनी मान्य केली तर तसा करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करून नोटरीपुढे सही करा. त्यात मो.र.नं., ‘क’ प्रतीची छायांकित प्रत, कुंपण कुणाच्या खर्चाने, कधीपर्यंत आणि पुढे दुरुस्ती कुणाची, एवढं असलं की पुरे. आधीपासून असलेली हद्द मान्य करणं हे हस्तांतरण नाही, पण करारात ‘पट्टी दिली’, ‘पट्टी घेतली’ अशी भाषा आली की ते हस्तांतरणासारखं दिसतं. मसुदा वकिलाच्या नजरेखालून घाला, हा खर्च वाचवू नये.

समोरचा ऐकतच नसेल तर

गावात तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिथून सुरुवात करा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली अशाच वादांसाठी सुरू झाली. शहरात आणि गावातही तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्याआधीच अर्ज देता येतो, ती दोघांना बोलावून घेते. लोकअदालतीत तडजोड झाली तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते, कोर्ट फी लागत नाही, आणि त्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पोलिसांकडून फार अपेक्षा ठेवू नका. ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ते म्हणतील आणि ते बरोबर असतं. हाणामारी, धमकी किंवा मोडतोड झाली असेल तर मात्र तक्रार नोंदवाच.

शेवटी दिवाणी न्यायालय. वकिलाची नोटीस, मग दावा. शेजारी बांधकाम रेटत असेल तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करतात, आणि हद्दीच्या प्रश्नावर न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची मोजणी करून घेऊ शकतं. बहुतेकदा ते काम भूमी अभिलेखाच्या अधिकाऱ्याकडेच जातं. म्हणजे एवढं फिरून पुन्हा सहाव्या पायरीवरच यायचं असतं, फक्त काही वर्षांनी. मनाईचा अर्ज मात्र लगेच करायचा असतो, भिंत पूर्ण झाल्यावर गेलात तर न्यायाधीश पहिला प्रश्न ‘इतके दिवस कुठे होता’ हाच विचारतात.

नवं कुंपण घालताना

खांब उभे करण्याआधी हद्दीच्या दोन टोकांच्या दगडांमध्ये दोरी ताणा आणि शेजाऱ्याला बोलावून दाखवा. सामाईक कुंपण असेल तर खांबांचा मध्य रेषेवर. एकट्याचं असेल तर पूर्ण कुंपण, पायाच्या काँक्रीटसकट, स्वतःच्या बाजूला. भिंत वर सरळ रेषेत आणि जमिनीखाली पाया सहा इंच पलीकडे, हा प्रकार हमखास होतो आणि शेजारी खोदायला लागला की उघड होतो. भिंतीवरचं पाणी आणि फाटकाचा पल्ला दोन्ही आपल्याच बाजूला वळवा.

पक्की भिंत असेल तर स्थानिक नियमांत उंचीची मर्यादा बघून घ्या. महाराष्ट्राच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत भरीव भिंत साधारण दीड मीटरपर्यंत, आणि वरचा भाग जाळीदार ठेवला तर एकूण २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळते. मुंबईची नियमावली वेगळी आहे. परसबागेला मला तरी चेनलिंक जाळीच बरी वाटते: स्वस्त, हवा खेळती, दोडक्या-कारल्याचे वेल चढतात, आणि पुढेमागे सरकवायची वेळ आली तर एका दिवसाचं काम.

हद्दीचे दगड कुंपणात गाडून टाकू नका, वरून दिसतील असे ठेवा आणि रंगवा. प्रत्येक दगडापासून घराच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजून ‘क’ प्रतीच्या मागे लिहून ठेवा. ही प्रत आणि करारनामा खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा. प्लॉट विकाल त्या दिवशी दोन्ही खरेदीदाराच्या हातात द्या, आणि नव्या खरेदीखताच्या चतुःसीमेत मो.र.नं. घालून घ्या.